कपॅसिटर काढला, पण पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) भोकातलं जुनं सोल्डर सकरने (वितळलेलं सोल्डर ओढून घेणाऱ्या पंपाने) निघत नाही. काय करावं?

आधी त्यात थोडं नवं सोल्डर भरा. उलटं वाटेल, पण खरी मेख तीच. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर शिसं नसलेलं सोल्डर असतं, ते साधारण 217 अंशांना वितळतं. 63/37 वालं, म्हणजे 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं असलेलं, 183 ला; भरायचं ते हेच. दोन्ही मिसळली की सगळं लवकर पातळ होतं. मग एका बाजूने आयर्न टेकवून दुसऱ्या बाजूने सकर मारा, भोकातलं सोल्डर चकाकून हललं की लगेच.

ग्राउंडचं भोक मात्र हट्टी. तिथला तांब्याचा मोठा थर उष्णता ओढून घेतो. बारीक टोकाचं बिट तिथे कुचकामी. जाड, चपटं लावा आणि बोर्ड हॉट एअरने आधी तापवून घ्या.

विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याच्या तारांची वेणी) वापरणार असाल तर आपल्या गोव्यातल्या पावसाळ्यात ती उघडी ठेवू नका. काळवंडली की सोल्डर ओढत नाही; फ्लक्स (धातूवरचा काळा थर काढणारं रसायन) लावली तर बहुधा पुन्हा कामाला येते.

तरीही उरलं, तर वितळलेल्या सोल्डरमध्ये लाकडी टूथपिक खुपसा, गार झाल्यावर काढा. ड्रिल अजिबात नको! भोकाच्या आतला तांब्याचा मुलामा गेला की वरच्या-खालच्या ट्रॅकचा संबंध तुटतो, मग जंपर (जोडणीची वेगळी वायर) टाकत बसा.