वरच्या मजल्याचं तापणारं छत: थर्माकोल, एक्सपीएस, पीयू फोम की रॉकवूल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बोरिवलीतल्या जुन्या इमारतीत सगळ्यात वरचा फ्लॅट, गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंट-वाळूचा जाड थर), रात्री अकरा वाजताही छताला हात लावला तर गरम लागतं. चार कंत्राटदारांनी चार वेगळी मटेरियल्स सांगितली आहेत, त्यातलं कोणतं घ्यावं?

सोसायटी तयार असेल तर गच्चीवरून, वॉटरप्रूफिंगच्या वर, ५० मिमी एक्सपीएस (पॉलिस्टायरिन फोमचा कडक) बोर्ड. सोसायटी तयार नसेल तर आतून फॉल्स सीलिंगवर रॉकवूल (वितळवलेल्या दगडाच्या तंतूंची लोकर), पण गळती पूर्ण थांबलेली असेल तरच. मुंबईत मटेरियल निवडताना माझ्या मते पहिला प्रश्न एकच: चार महिन्यांच्या पावसात ते कोरडं राहणार का? ओल्या इन्सुलेशनचा काही उपयोग नाही, मग ब्रोशरमध्ये आकडा कितीही चांगला असो.

आकडे तसे फार लांब नाहीत. उष्णतावाहकता जितकी कमी तितकं चांगलं. पीयू (पॉलियुरेथेन) फोम साधारण ०.०२४, एक्सपीएस ०.०३०, थर्माकोल म्हणजे ईपीएस ०.०३६ आणि रॉकवूल, ग्लासवूलही त्याच्याच आसपास. काँक्रीट मात्र १.५८. म्हणजे ५० मिमी एक्सपीएस जेवढी उष्णता अडवतं, तेवढी अडवायला अडीच मीटरहून जाड स्लॅब लागेल. तुमच्या सध्याच्या स्लॅब आणि कोब्याची यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचं माप, अंदाजे २.४ धरा (कमी तितकं चांगलं). २५ मिमी एक्सपीएसने ती ०.८ होते, ५० ने ०.५ आणि ७५ ने ०.३५. घरांसाठीच्या ऊर्जाबचत नियमावलीत, म्हणजे इको निवास संहितेत, छताची मर्यादा १.२ आहे. ५० च्या पुढे जाडी वाढवण्यात पैसे घालू नका, ते वॉटरप्रूफिंगवर खर्च करा.

थर्माकोल कोब्याखाली घालू नका. त्याच्या मण्यांमधल्या फटींत पाणी शिरतं आणि वर कोबा असल्यामुळे ते सुकत नाही. एक्सपीएसच्या पेशी बंद असतात, म्हणून ते ओल्या जागी टिकतं. पीयू फोमचा फवारा सांध्याशिवाय बसतो, हा त्याचा खरा फायदा. पण स्लॅबमध्ये ओल असेल तर रसायन पाण्याशी रिअ‍ॅक्ट होतं, वायू तयार होतो, फुगे येतात आणि थर सुटतो. ते काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, पूर्ण सुकलेल्या स्लॅबवरच. उन्हात उघडा राहिला तर फोम पिवळा पडून भुगा होतो, वर कोटिंग हवंच.

एक्सपीएसच्या कामात चुका बोर्डात कमी आणि पातळीत जास्त होतात. जुन्या कोब्याचं वजन १०० मिमीला चौरस मीटरमागे १९० किलोच्या घरात असतं. त्यावर नवे थर चढवायचे तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा. जुन्या इमारतीत मी कोबा काढूनच काम करायला सांगेन: छिन्नी-हातोड्याने, ब्रेकर न लावता, आणि राबिट (निघालेला मलबा) एका जागी न साठवता. मग १:१०० ढाळाचा थर, कडेला वाटा (गच्ची आणि भिंतीच्या कोपऱ्यात गोलाई), त्यावर वॉटरप्रूफिंग. पाणी भरून ७२ तास ठेवा. ही चाचणी उरकल्याशिवाय बोर्ड वर चढवू नका, नंतर गळती शोधायला सगळं उखडावं लागतं. बोर्ड खाचेच्या कडांचे घ्या, एकमेकांत घट्ट बसवा, सांधे विटांसारखे चुकवा. सॉल्व्हंट असलेला प्रायमर किंवा गोंद एक्सपीएसला वितळवतो, टॉर्चची ज्योतही. वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), मग वेल्डमेश (लोखंडी जाळी) घालून ५० मिमी स्क्रीड (सिमेंटचा सपाट थर), ३ बाय ३ मीटरवर सांधे कापून सीलंट. शेवटी पांढरं चायना मोझॅक, म्हणजे ऊनही परतेल. मेच्या मध्यात, शून्य सावलीच्या दिवसांत, सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि तेव्हा सगळा मारा गच्चीवरच होतो.

तयार पातळी वर आली तर पॅरापेटवर चढवलेलं वॉटरप्रूफिंगही नव्या पातळीच्या ३०० मिमी वर जायला हवं. जिन्याच्या दाराचा उंबरठा तपासा, नाहीतर जुलैत पाणी जिन्यात येईल. पावसाच्या पाइपच्या तोंडाशी जाळी अशी बसवा, की बोर्डाखालचं पाणीही निघेल. आणि फक्त तुमच्या फ्लॅटपुरता तुकडा करू नका: मध्येच पायरी होते, ढाळ अडतो. निदान एका पाइपकडे उतरणारा पूर्ण भाग घ्या.

आतून करायचं असेल तर ४८ किलो घनतेचं ५० मिमी रॉकवूल आणि खाली जिप्सम बोर्ड. उंची ७५ ते १०० मिमी कमी होईल. पंखा स्लॅबच्या हुकालाच टांगा, दांडा लांब घ्या. छताला उघडं थर्माकोल चिकटवणं मला अजिबात मान्य नाही: आगीत ते वितळून पेटते थेंब खाली पडतात. शिवाय पीव्हीसी वायर त्याला टेकून राहिली तर वायरचं आवरण कालांतराने कडक होऊन तडकतं. रॉकवूल जळत नाही.

फॉइल लावलेलं वूल घेतलं तर फॉइलची बाजू स्लॅबकडे ठेवा. थंड देशांतले व्हिडिओ ती खोलीकडे ठेवायला सांगतात, कारण तिथे दमट हवा घरात असते. आपल्याकडे पावसाळ्यात ती बाहेर असते आणि एसीची खोली थंड. उलट लावलं तर पाणी वूलमध्येच साठतं. बबल फॉइल थेट स्लॅबला चिकटवून फारसं काही मिळत नाही, त्याला २०-२५ मिमी हवेची पोकळी लागते.

बजेट अगदीच कमी असेल तर पांढरं रिफ्लेक्टिव्ह कोटिंग लावा. फरक जाणवतो, फक्त दर पावसाळ्यानंतर शेवाळ घासून काढावं लागतं. पश्चिमेच्या भिंतीला इन्सुलेशन करण्याआधी तिथल्या खिडकीला छज्जा द्या.

कोटेशनमध्ये एक्सपीएसची घनता ३२ ते ३६ किलो प्रति घनमीटर आणि दाब सहन करण्याची ताकद किमान २५० किलोपास्कल लिहून घ्या. माल आला की एक बोर्ड वजनकाट्यावर ठेवा: १२५० बाय ६०० बाय ५० मिमीचा बोर्ड १.२ ते १.३५ किलो भरला पाहिजे. एक कोपरा मोडूनही बघा, दाणे सुटले तर तो रंगीत थर्माकोल आहे, लॉट परत पाठवा.