नवीन सील टाकूनही सिलिंडर हळू चालवताना झटके का मारतो?

पोकलेनच्या आर्म सिलिंडरला नवीन सील किट टाकलं, गळती थांबली, पण हळू चालवताना झटके येतात, पंप गेला का, असं तुम्ही विचारलंय. पंपाला हात लावू नका. जोरात चालवल्यावर सिलिंडर नीट जातो आणि हळू चालवतानाच अडकत-सुटत जातो, म्हणजे दुखणं घर्षणाचं आहे.

रत्नागिरीत पावसाळा सरला की हेच काम येतं. चिरेखाणी बंद, मशीन उघड्यावर, रॉड बाहेर. खारी हवा हार्ड क्रोमच्या, म्हणजे रॉडवरच्या कडक मुलाम्याच्या, बारीक भेगांतून खालच्या पोलादापर्यंत पोचते.

एका खाणवाल्याचं मशीन असंच आलं होतं. वर्कशॉप भावोजींचं, मी त्यांच्या हाताखाली. त्यांनी सील बदललं, झटके तसेच. मग म्हणाले, आणखी घट्ट बसवू. सील जेवढं घट्ट तेवढं चांगलं, हे त्यांचं ठाम मत. मी रॉड पुसून त्यावर नख फिरवलं. पावसात बाहेर राहिलेल्या भागावर तांबूस ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्यावर नख अडकत होतं. तेलाच्या लाइनवर दाब मोजणारा गेज लावला, लिव्हर जेमतेम ओढला. काटा चढतोय, रॉड हलत नाही. एकदम सुटला, काटा पडला, परत चढायला लागला. पंप खरंच गेला असता तर काटा असा चढला असता का?

रॉड थांबला की सीलची लिप, म्हणजे रॉडवर टेकणारी कड, खालचं तेल पिळून काढते, म्हणून सुटायला जास्त जोर लागतो आणि सुटल्यावर कमी. वेग वाढला की घर्षण आधी उतरतं, हे जर्मनीच्या श्ट्रीबेकने 1902 मध्येच बेअरिंगवर मोजून दाखवलंय. तेल दाबलं जात नाही म्हणतात, पण 100 बार दाबाला साधारण अर्धा-पाऊण टक्का आकसतं, होजही फुगतो. झटका द्यायला तेवढी स्प्रिंग पुरते. त्यात घट्ट सील तेलाचा उरलासुरला थरही खरवडून काढतं.

शेवटी खाणवाल्यानेच माझं ऐकलं. रॉडला ग्राइंडिंग करून परत क्रोम केलं, ब्राँझ मिसळलेल्या पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं, सील टाकलं, झटके गेले. भावोजी अजून सांगतात, तेल बदललं म्हणून फरक पडला. तेल तेच होतं, गाळून परत भरलेलं.

हां, खर्चात पडण्याआधी आर्म जमिनीवर टेकवून पिन काढा आणि सिलिंडर एकटा चालवून बघा. ग्रीस न मिळालेली पिनही हुबेहूब असंच करते. स्पंजासारखं दबत असेल तर हवा आहे, ती काढा. रॉड पॉलिश पेपरने लांबीत घासू नका, आरशासारखाही करू नका, त्यावर तेल टिकत नाही, 0.1 ते 0.3 मायक्रॉन आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) ठीक. पुढच्या पावसाआधी रॉड आत घेऊन ठेवा, जो भाग बाहेर राहील त्याला जाड ग्रीस फासा. आणि कुणी घट्ट सील गळ्यात मारायला लागला, तर आधी गेज लावून दाखव म्हणावं.