लाख माणसांच्या शहरात धान्य येतं कुठून?

प्रश्न : ताई, दोन वर्षांपासून एक फँटसी कादंबरी लिहितेय. वाळवंटात लाखभर वस्तीचं शहर आहे, सात घराणी आहेत, आणि मंत्राने जमिनीतून पाणी वर आणणारे मांत्रिक आहेत. वंशावळी, झेंडे, राजांची नावं, सगळ्याची एक वही भरलीय. पण मैत्रिणीला वाचायला दिलं तर ती म्हणाली, नाटकाच्या सेटसारखं वाटतं, मागे काहीच नाही. काय चुकतंय?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : वही फेकू नकोस, उपयोगाला येईल. पण तुझ्या पत्रात सात घराणी आहेत आणि ती जेवतात काय ते मात्र नाहीये, मला वाटतं मैत्रिणीला तेच खटकलं असणार.

जरा हिशोब करू. माणशी अर्धा किलो धान्य धरलं तरी लाख माणसांना दिवसाला ५० टन लागतं, एका उंटावर दोन क्विंटल लादलं तर रोज २५० उंट वेशीतून आत यायला हवेत, आणि धान्य पिकतं तो मुलूख दहा दिवसांच्या वाटेवर असेल तर कुठल्याही दिवशी २५०० उंट येतायत आणि २५०० परत जातायत. ते पाणी कुठे पितात? मुक्काम कुठे करतात? त्या विहिरी कुणाच्या? झालं, तुझ्या सात घराण्यांना भांडायला खरं कारण मिळालं!

आपल्याकडचा नाणेघाट बघून ये, जमलं तर चालत जा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल याच घाटाने जुन्नरला चढायचा, पुढे पैठणला जायचा. वर एक दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकायचे असं म्हणतात. आणि तिथल्याच लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा शिलालेख आहे, यज्ञांत दान दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापणं (तेव्हाची नाणी) यांची यादीच आहे त्यात. म्हणजे घाट, जकात, आणि राजघराण्याचा थाट, सगळं एका जागी उभं राहून दिसतं. तुझ्या घराण्यांचा पैसा असा कुठल्या वाटेवरून येतो ते ठरव, मग झेंडा कुठलाही असू दे.

वाळवंट का झालं हेही माहीत हवं. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात ५०० च्या आसपास, कारण ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. तुझ्या नकाशात वारा कुठून येतो ते आधी काढ, मग डोंगर कुठे आणि कोरडा भाग कुठे ते आपोआप बसेल.

आता मांत्रिक. हा भाग मला सगळ्यात आवडला आणि इथेच तू सगळ्यात कमी विचार केलायस असं वाटतं. आपल्याकडे दुष्काळी गावात बोअर घ्यायच्या आधी पाणाड्याला बोलावतात, तो नारळ नाहीतर काठी घेऊन शेतात फिरतो, त्याला मान असतो, पण पाणी नाही लागलं की त्याच्याबद्दल काय बोलतात तेही ऐकलं असशील. तुझा मांत्रिक तर खात्रीने पाणी काढतो! मग एकाने इथे खेचलं तर शेजारच्या गावची विहीर आटते का? गरिबाने बोलावलं तर जातो का? विहीर खोदणाऱ्यांचं काय झालं? मंत्राची किंमत कोण भरतं हे कळलं ना, की वाचक जादू मान्य करतो.

नावांबद्दल थोडंच. आपल्या गावांच्या नावांतलं बुद्रुक आणि खुर्द फारसीतून आलंय, राज्य गेलं तरी शब्द राहिले. तुझ्या शहरावर आधी परक्यांचं राज्य असेल तर गल्ल्यांच्या नावांत त्यांची भाषा उरू दे, दोन-तीन ठिकाणी पुरे, आणि ते समजावून सांगत बसू नकोस, तिथल्या लोकांना ते रोजचंच आहे.

पहिलं प्रकरण दरबारात असेल तर ते बाजूला ठेव. वेशीवर सुरू कर, रात्रीचे उंट आले नाहीयेत, बाजारात भाव चढतोय आणि तुझी नायिका रांगेत उभी आहे. तेवढं लिहून त्याच मैत्रिणीला दे. आणि हो, मीठ कुठून येतं तेही ठरव, उंटांनाही ते लागतं.