अपग्रेडच्या आधी अर्धा तास

उबंटू या लिनक्स सिस्टीमच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर जातोयस ना? मग आधी स्वतः टाकलेल्या गोष्टींची यादी कर. सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, बांधलेलं बहुधा युएसआर-लोकल या फोल्डरमध्ये असतं. एपीटी, म्हणजे उबंटूचं पॅकेजेस टाकणारं साधन, त्याला हात लावत नाही, पण ते ज्यांच्या आधारावर चालतं त्या खालच्या लायब्ऱ्या मात्र बदलतात. प्रोग्राम उघडेना, तर त्यावर एलडीडी ही कमांड चालव; प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ऱ्या ती दाखवते. ‘नॉट फाउंड’ दिसलं की जुनी लायब्ररी कुठून तरी आणून चिकटवू नकोस, सोर्सवरून पुन्हा बांध.

पायथनचं दुखणं ठरलेलं. २२.०४ मध्ये ३.१०, २४.०४ मध्ये ३.१२. जुन्या व्हेन्व्हची (पायथनच्या एका प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या कप्प्याची) पॅकेजेस ३.१० च्या फोल्डरमध्ये पडून राहतात आणि नवा पायथन तिकडे बघतही नाही. म्हणून अपग्रेडआधीच पिप फ्रीझ कमांडने मिळणारी पॅकेजेसची यादी फाईलमध्ये ठेव, नंतर व्हेन्व्ह नव्याने कर. मी एकदा हे टाळलं. मित्र इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खात होते आणि मी पहाटेपर्यंत पॅकेजांची नावं आठवत बसलो होतो!

बाहेरचे पीपीए, म्हणजे इतरांनी चालवलेले पॅकेजेसचे साठे, अपग्रेडमध्ये बंद होतात. नव्या आवृत्तीसाठी आहेत का बघ, मगच चालू कर.

आणि हो, आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी राहू दे. लाइट गेली आणि बॅटरी संपली, तर अपग्रेड अर्ध्यावर लटकेल.