पाकीट उलटं करून वाच

अगं पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला आणि आधी रागच आला, तुझ्यावर नाही, तुझ्या रूममेटवर. दुकानाच्या स्वतःच्या नावाची तूरडाळ आणलीस म्हणून ती हसली, आणि पुढच्या खेपेला तू मुकाट्याने महागातली घेतलीस. वर मला विचारतेस, "मावशी, तुमच्या वेळी बरं होतं ना? बिअरसुद्धा किती स्वस्त होती!" दोन्हींवर माझं एकच सांगणं आहे. छापील किंमत बघू नकोस, किलोचा भाव काढ.

तेलाची पिशवी घे. एक लिटरची पिशवी म्हणजे 910 ग्रॅम, हे आम्हाला पाठ होतं. आता ठरावीक मापातच पॅकिंग करायचं बंधन उरलेलं नाही. त्यामुळे 910 ग्रॅमच्या शेजारी 850 ची, 800 ची अगदी तशीच दिसणारी पिशवी असते. दहा रुपये कमी दिसले की तू ती उचलतेस. अगं, उलटी कर ना ती! मागे बारीक अक्षरात ग्रॅममागचा किंवा मिलीलिटरमागचा दर असतो, कायद्यानेच छापावा लागतो. नाही सापडला तर मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे.

आणि मोठं पाकीट म्हणजे स्वस्त, हेही डोक्यातून काढून टाक. शॅम्पूच्या पुड्या कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. सुट्या डाळीवर जीएसटी नाही, लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळीवर जुलै 2022 पासून 5 टक्के आहे. म्हणून सुटी डाळ स्वस्तच मिळेल असंही नाही, वाण्यालाही त्याचं पोट आहे. तेव्हा भाव काढ. दर वेळी काढ.

हलक्या ब्रँडची लाज कसली? 1969 मध्ये करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत घरच्या अंगणात कपडे धुण्याची पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार विकली. तीच निरमा. तिला तोंड द्यायला पुढे हिंदुस्तान लिव्हरला 'व्हील' आणावी लागली. एवढी मोठी कंपनी कुणी हलवली? किलोमागे हिशेब करणाऱ्या आमच्या आयांनी.

मुंबईला तर हे एकत्र येऊन हिशेबाने खरेदी करणं नवीन नाहीच. 1948 मध्ये नायगावात गिरणी कामगारांच्या वस्तीत अपना बाजार हे सहकारी दुकान उभं राहिलं, 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संस्था. आमच्या बिल्डिंगमध्ये पंचायतीचा संघ, म्हणजे एकत्र माल मागवणाऱ्या घरांचा गट होता. सगळ्या घरांची मागणी एकत्र जायची, टेम्पोने माल एका घरी उतरायचा. हॉलभर प्रत्येकीच्या नावाचा ढीग. एकीने यादी वाचायची, दुसरीने गूळ, रवा, साबण त्या त्या ढिगात टाकत जायचं, आणि शेवटी कुणाचं तरी हिंग कमी निघालं की सगळे ढीग पुन्हा उपसायचे. बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, माणसं विरार-बदलापूरला पांगली, संघ मोडला. ते मला आजही सलतं.

नातेवाईक मला चिकट म्हणतात. मी चिकट नाही. त्याच हिशेबावर दोन मुलांची शिक्षणं झाली आणि कुणापुढे हात पसरावा लागला नाही. दुकानात दोन रुपयांसाठी अडून बसते म्हणतात. हो, बसते. वजन कमी देऊन किंमत तीच ठेवणाऱ्याला लाज वाटत नाही, तर मी का लाजू? आणि तू तरी का लाजावंस?

आता बिअर. फोर्टमधल्या आमच्या ऑफिसातल्या चौघीजणी पगाराच्या संध्याकाळी परमिट रूमच्या माळ्यावर, फॅमिली सेक्शनमध्ये बसायचो. 650 मिलीची एक बाटली, चार ग्लास, खारे शेंगदाणे. बाटलीला घाम फुटून लेबल सुटायला लागायचं आणि आमच्यातली एक ते नखाने सोलत बसायची. बिअर स्वस्त नव्हती गं. पगारही त्या मानानेच होता. एका बाटलीत चौघी भागवायचो म्हणून ती परवडायची. तू पबात जाऊन 330 मिलीचा पाइंट घेतेस, त्यावर सर्व्हिस चार्ज देतेस, आणि मला सांगतेस बिअर महाग झाली. 650 च्या बाटलीशी भाव ताडून पाहिलास कधी? बिअर जीएसटीत येत नाही. तिच्यावर राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट, म्हणजे किमतीतला बराचसा भाग सरकारचाच. पण तुझा पगार खातंय ते घरभाडं आणि पब, बाटली नव्हे. मला त्या संध्याकाळी आठवतात त्या स्वस्ताईमुळे नाही. एका बाटलीवर दोन तास बसलो तरी वेटर उठा म्हणायचा नाही. तसं बसायला तुम्हाला आता जागाच नाही, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण मग घरी बसा ना! भांडुपला तिघी एका छताखाली राहता आणि तिघी आपापलं पाव किलो, अर्धा किलो दहा मिनिटांत दारात मागवता. हे मला कळतच नाही. येत्या एक तारखेला तिघींची एकच यादी कर. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा, भांड्यांचा साबण. वाण्याचा भाव, मॉलचा भाव, ॲपचा भाव, तिन्ही किलोवर आणून शेजारी-शेजारी लिही. माल मागवण्याआधी यादी मला पाठव. रविवारी दुपारी मी घरीच आहे.

तुझी,
मावशी