आधी ब्लँक सांभाळ

सोन्याच्या नॅनोकणांचा सेन्सर बनवताना सिग्नल वाढवायच्या मागे लगेच लागू नकोस बाबा, आधी ब्लँक, म्हणजे शोधायचा पदार्थच नसलेल्या नमुन्याचं मोजमाप, स्थिर कर. शोधमर्यादा (सेन्सरला ओळखता येणारं कमीत कमी प्रमाण) म्हणजे ब्लँकच्या प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले कॅलिब्रेशन रेषेचा, म्हणजे पदार्थाच्या प्रमाणासमोर सिग्नल मांडलेल्या रेषेचा, उतार. ब्लँकच डगमगत असेल तर कितीही महागडे कण आण, उपयोग नाही.

आपल्या मराठवाड्यात पहिला संशय पाण्यावर घ्यायचा. बोअरचं पाणी जड. त्यातल्या क्षारांनी सायट्रेटचा थर असलेले सोन्याचे कण एकमेकांना चिकटतात. काचसामान शेवटी क्षार काढलेल्या डीआयोनाइज्ड पाण्यानंच खंगाळ. कोलॉइड, म्हणजे कण तरंगत असलेला द्रव, डाळिंबाच्या रसासारखं लाल आणि त्याच्या प्रकाशशोषणाचं शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास हवं. जांभळट झाक आली, ६५० कडे आलेख उचलला गेला, की ती बॅच सरळ फेक. मे महिन्यात अँटिबॉडी (हवा तो पदार्थ पकडणारं प्रथिन) बाकावर विसरलास नि ती उष्म्यानं बिघडली तर डेटाला बोल लावू नकोस.

अँटिबॉडी जोडताना पीएच तिच्या समविद्युत बिंदूच्या (ज्या पीएचला तिचा एकूण विद्युतभार शून्य असतो त्याच्या) जरा वर ठेव, कणांवर उरलेली जागा बीएसए या गायीच्या रक्तातल्या प्रथिनानं झाक. काठीसारखे नॅनोरॉड, चांदणीसारखे नॅनोस्टार हे कण त्यानंतर. त्यांच्या टोकांशी विद्युतक्षेत्र एकवटतं, म्हणून ते जास्त संवेदनशील. आणि बफरमधल्या (पीएच स्थिर ठेवणाऱ्या साध्या द्रावणातल्या) आकड्यावर खूश होऊ नकोस, सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात, तपास. तिथली प्रथिनं कणांवर थर चढवतात नि भलेभले सेन्सर आडवे पडतात.