सूत्र पाठ, तरी उत्तर चुकीचं

"मॅडम, सूत्र पाठ आहे. तरी या एकाच प्रकारच्या गणितात दर वेळी माती खाते. माझं डोकंच गणिताचं नाही का?"

दोन-तीन गट एकमेकांत मिसळलेली शाब्दिक उदाहरणं जीमॅटच्या, म्हणजे एमबीए प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, तयारीत अनेकांना छळतात. वरचा प्रश्न विचारणारी मुलगी नोकरी सांभाळून दुसऱ्यांदा परीक्षेला बसणार होती (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत). तिच्या चुकांच्या वहीत अशा प्रत्येक गणितापुढे एकच शेरा होता, 'सिली मिस्टेक'. मला हा शेरा अजिबात आवडत नाही. त्याने स्वतःवर राग काढता येतो, पुढच्या वेळी नेमकं काय करायचं ते मात्र कळत नाही.

मी तिला एक गणित मोठ्याने वाचायला लावलं. कंपनीत 200 कर्मचारी. 60 टक्के प्रशिक्षणाला गेले. गेलेल्यांपैकी 25 टक्के लोकांना बढती मिळाली. एकूण बढत्या 50. प्रशिक्षण नाही आणि बढतीही नाही, असे किती?

तिने झटकन 200 चे 25 टक्के काढले, 50 लिहिले आणि उत्तर दिलं 80. पर्यायांमध्ये 80 होतंच. प्रश्न काढणाऱ्याला ही चूक आधीच ठाऊक असते, म्हणून आपलं उत्तर पर्यायांत दिसलं की ते बरोबरच आहे असं मानू नये.

"25 टक्के कोणाचे?" एवढंच मी विचारलं. ती थांबली. वाक्य पुन्हा वाचलं आणि स्वतःच म्हणाली, "अगं बाई, 120 चे!"

मग सूत्र बाजूला ठेवून आम्ही तक्ता आखला. आडव्या ओळींत प्रशिक्षण घेतलेले आणि न घेतलेले, उभ्या रकान्यांत बढती मिळालेले आणि न मिळालेले, कडेला बेरजा. 120 पैकी 30 ना बढती. एकूण बढत्या 50, म्हणजे उरलेल्या 20 प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या. प्रशिक्षण न घेतलेले 80, त्यातून 20 गेले, राहिले 60. दोन गटांच्या गणितात मी सूत्रापेक्षा तक्त्यालाच झुकतं माप देते. आकडा लिहायचा तर चौकट निवडावी लागते, आणि चौकट निवडताना तो कोणाचा हे ठरवावंच लागतं.

तीन गट आले की तक्ता पुरत नाही, वर्तुळं काढावी लागतात. तिची खरी अडचण तिथे होती. 100 जणांपैकी पहिली भाषा येणारे 50, दुसरी येणारे 40 आणि तिसरी येणारे 30. नेमक्या दोनच भाषा येणारे 15, तिन्ही येणारे 5. एकही न येणारे किती? बेरीज 120. दोन भाषावाले दोनदा मोजले गेले, म्हणून 15 एकदा वजा. तिन्हीवाले तीनदा मोजले गेले, म्हणून 5 दोनदा वजा. राहिले 95, म्हणजे एकही न येणारे 5.

तिने मात्र 120 मधून 15 वजा करून त्यात 5 मिळवले होते आणि 110 वर अडकली होती. 100 माणसांत 110! तिचं सूत्र खोटं नव्हतं, पण ते वेगळ्या माहितीसाठी होतं. दर जोडीतले सामाईक लोक दिलेले असतात तेव्हा ते चालतं, कारण त्या प्रत्येक जोडीत तिन्हीवालेही धरलेले असतात. 'नेमके दोन' म्हटलं की ते बाहेर असतात. तिने दोन्ही सूत्रं पाठ केली होती. कोणतं कधी लावायचं हे ती वाक्यावरून न ठरवता जे आधी आठवेल त्यावरून ठरवत होती.

वहीतला शेरा आम्ही बदलला. आता प्रत्येक चुकीपुढे 'टक्के कोणाचे ते पाहिलं नाही' किंवा 'नेमके दोन की किमान दोन?' असं लिहायचं. काही आठवड्यांनी वही चाळली तर बहुतेक चुका याच दोन शेऱ्यांखाली. आकडेमोड जवळजवळ कुठेच चुकली नव्हती. डोक्याबद्दलची तक्रार त्यानंतर तिने काढली नाही.

वेळेची धास्ती होतीच. क्वांटमध्ये, म्हणजे परीक्षेच्या गणिताच्या विभागात, 45 मिनिटांत 21 प्रश्न, कॅल्क्युलेटर नाही, म्हणजे प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटं. तक्ता आखण्यात वेळ जाईल, असं तिला वाटायचं. मी घड्याळ लावून आखायला सांगितलं. त्यात काही सेकंदच गेले. तीन गटांचं वाक्य दोनदा वाचूनही वर्तुळात बसत नसेल तर मात्र अंदाजाने पर्याय निवडून पुढे जा, असं मी तिला सांगितलं. हे तिला अजून फारसं पटलेलं नाही.